स्टोयांकाबाईंच्या जावयाचा खजिना

एका रविवारपुरता आपण ड्रॅगन झालो, यापलीकडे आपला काडीचाही गुन्हा नव्हता, असं वेसेलिन आजही सांगतो. सांगता सांगता त्याचा आवाज चढतो, कानांच्या पाळ्या लाल होतात आणि हातात जे काही असेल ते तो टेबलावर आपटतो. त्यामुळे घरी हा विषय निघाला की नेवेना, म्हणजे त्याची बायको, आधी काचेचे ग्लास उचलून ठेवते.

वेसेलिन या नावाचा अर्थ आनंदी. आईबापांनी ते पोराचं तोंड न बघताच ठेवलं असावं. तो विमा कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी करायला जायचा. लोक त्याला फुटलेल्या नळाखाली भिजलेला गालिचा दाखवायचे आणि हा त्या गालिच्याला आधीपासून किती भोकं होती ते बघायचा. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं, याचाच त्याला पगार मिळे. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस सकाळी पाव घेतानासुद्धा तो आजचाच आहे ना, म्हणून दुकानदाराच्या डोळ्यांत बघतो.

झालं असं, की नेवेना ज्या दंतवैद्याकडे नर्स होती तिथली दुसरी नर्स आणि तिच्या घरचे लोक दर महिन्याला मिळून काहीतरी अद्भुत करायचे. एकदा त्यांनी बुटांच्या खोक्यांतून पऱ्यांची वसाहत उभी केली. एकदा चादरीमागे दिवा लावून सावल्यांचे राक्षस नाचवले. नेवेना हे सगळं ऐकून घरी आली आणि आपणही काहीतरी करायचं म्हणाली. वेसेलिनने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, की राक्षस नाचवून आजवर कुणाचं भलं झालंय.

"सप्टेंबरात प्लामेन वार्न्याला जाईल," ती म्हणाली. "मग तो या घरात सुट्टीला येणारा पाहुणा. त्याआधी चौघांनी मिळून एक तरी गोष्ट करायची. आणि टीव्ही बघणं त्यात धरलं जाणार नाही."

प्लामेनला वार्न्याच्या शाळेत वसतिगृहासकट प्रवेश मिळाला होता. वय पंधरा. तो घरी आहे हे त्याच्या खोलीचं दार बंद असण्यावरून कळायचं. विचारलं की तो "काहीही" म्हणे, जेवायला काय करू यालाही आणि पुढे काय व्हायचंय यालाही. आताही तो "काहीही" म्हणाला, आणि नेवेनाने तो होकार धरला. आठ वर्षांची कालिना मात्र उभ्या जागी नाचायला लागली. तिने पाच मिनिटांत सगळं ठरवून टाकलं. आजीच्या गावी खजिन्याची शोधमोहीम काढायची. खजिना ड्रॅगनचा. ती स्वतः जादूगारीण, आई रानपरी, प्लामेन सरदार.

"आणि मी कोण?" वेसेलिनने विचारलं.

तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. ड्रॅगन कोण याबद्दल त्या स्वयंपाकघरात दुमत नव्हतं.

तो चांगलाच दुखावला. आपण या पोरखेळात हात घालणार नाही, असं त्याने जाहीर केलं, आणि पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी त्याच टेबलाशी बसून इतरांच्या चुका काढल्या. नकाशा चहाच्या पाण्यात बुडवून जुना दिसेल असा केला होता, पण त्याच्या कडा नेवेना मेणबत्तीवर ज्या पद्धतीने जाळत होती ती पद्धत त्याला पटेना. म्हणून त्याने नकाशा हातातून घेतला आणि कडांबरोबर पडद्याचं एक टोकही जाळलं. खजिन्यात जुन्या कोटांची सोनेरी रंगवलेली बटणं होती, मोडक्या झुंबराचे काचमणी होते, डोळे रंगवलेले नदीतले गोटे होते, ती ड्रॅगनची अंडी. आणि बाटल्यांची झाकणं होती. ती ठोकून सपाट करायचं काम प्लामेनला दिलं, म्हणजे दोन फटके मारून तो खोलीत निघून जाईल, अशा हिशेबाने. पण तो गेला नाही. त्याने खिळा घेतला आणि प्रत्येक झाकणावर टोचून टोचून ड्रॅगनचं डोकं उमटवायला लागला. प्रत्येक डोकं वेगळं. एकाला दाढी. एकाचा एक दात पडलेला. जीभ ओठांत धरून तो आठवडाभर आईबापांसमोर बसला, आणि या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही हे वेसेलिन आणि नेवेना दोघांनाही न बोलता कळलं.

गावाहून सासूबाईंनी, म्हणजे स्टोयांकाबाईंनी, फोनवर एक शंका काढली. ड्रॅगन कोणता? झ्मेय की लाम्या? झ्मेय गावाची राखण करतो, त्याला हरकत नाही. लाम्या विहिरीवर बसून पाणी अडवते आणि पिकं खाते, ती आपल्या परसात चालणार नाही, टोमॅटो नुकते लावलेत. झ्मेयच आहे, असं कालिनाने आजीला शपथेवर सांगितलं. मग आजीने हिरवा पडदा काढला, त्यावर अंड्यांच्या पुठ्ठ्यांचे खवले शिवले, मोज्यांचे बोळे कोंबून शेपूट आणि पंजे केले. वेसेलिनला हे काहीच दाखवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळे आजीच्या गावी, गोर्ना क्रुशाला पोचले. गुलाबांचा हंगाम संपत आला होता, सगळं गाव जेवून पडलं होतं. मुलांना आत गुंतवून ठेवायचं आणि तेवढ्यात वेसेलिनने पेटी पुरून यायचं, असं ठरलं होतं. लाकडी पेटी काखेत आणि फावडं खांद्यावर घेऊन तो परसात उतरला. कांद्यांत खणायचं नाही, असं सासूबाईंनी खिडकीतून बजावलं. मिरच्यांत तर नाहीच. पिओनीच्या फुलांकडे बघायचंही नाही. अक्रोडाखाली खण म्हणाल्या, तर तिथे फावडं मुळांवर आपटून मनगटाला झिणझिण्या आल्या. जावई घामाघूम होतोय हे दिसत असूनही त्या बाईंनी कांद्यांची एक ओळ सोडली नाही, हे त्याने कायमचं लक्षात ठेवलंय. शेवटी तो रागारागाने मागच्या फाटकातून बाहेर पडला आणि परसामागच्या टेकाडाकडे निघाला.

हे टेकाड म्हणजे कुठल्यातरी जुन्या राजाची कबर आहे, असं गावात म्हणतात. त्या खोऱ्यात अशी टेकाडं पुष्कळ. राजा आत असलाच तर कधीच लुटला गेलेला. वर गवत, शेळ्या, आणि एक गंजलेला बोर्ड, ज्यावरची अक्षरं पावसाने धुऊन नेली होती आणि ज्याला आता शेळ्या पाठ घासायच्या. माती मऊ होती. वेसेलिन जेमतेम चार पावलं गेला एवढ्यात शेजारच्या कुंपणावरून एक टोपी वर आली. टोपीखाली हरालांपी होता.

या म्हाताऱ्या हरालांपीने जन्मभर सोनं शोधलं. धातू ओळखणारं एक यंत्र त्याने कोंबड्यांच्या खुराड्यात लपवून ठेवलं होतं, आणि ते तिथे आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. नुसता तोच नव्हे, त्या गावात सोन्याची गोष्ट नाही असं घर नव्हतं. कुणाच्या काकाला हंडा सापडला, कुणाच्या चुलत्याच्या मेव्हण्याला सोन्याचा घोडा. सापडणारा माणूस नेहमी वारलेला, आणि सोनं नेहमी व्हिएन्नाला गेलेलं.

"जावईबापू, फावडं घेऊन कुठे?" हरालांपीने विचारलं.

मुलं खिडकीत असतील म्हणून वेसेलिनला खरं सांगता येईना. शिवाय ड्रॅगनचा खजिना पुरायला चाललोय, हे वाक्य त्याच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, "गांडुळं काढायला. मासेमारीसाठी."

गावाच्या आसपास नदी नव्हती. तळं नव्हतं. डबकंसुद्धा नव्हतं. हरालांपीने काखेतल्या पेटीकडे पाहिलं, मान डोलावली आणि टोपी हळूच कुंपणाखाली गेली. वेसेलिनने वर जाऊन पेटी पुरली.

रविवारी सकाळी वेसेलिनला ड्रॅगनमध्ये शिवण्यात आलं. शिवण्यात आलं हे खरोखरच. पडदा पाठीमागे पुरेना, म्हणून सासूबाईंनी जाड दाभणाने आणि पोत्याच्या सुतळीने मानेपासून कमरेपर्यंत टाके घातले. आपण बाहेर कसे येणार, असं त्याने विचारलं. आधी आत तर जा, असं त्या म्हणाल्या. नेवेना पांढऱ्या लांब झग्यात रानपरी झाली होती, केसांत पिओनी. ज्या फुलांकडे बघायला त्याला बंदी होती तीच ही. प्लामेनने पातेल्याचं झाकण ढाल म्हणून धरलं होतं, पण असं, की लागलं तर ते आपलं नाही म्हणता यावं.

मोहीम सुरू झाली. विहिरीपाशी पहिलं कोडं, अक्रोडाखाली दुसरं, आणि प्रत्येक कोड्यानंतर चेटकीण म्हणून नेमलेल्या सासूबाई मंत्र म्हणायचं सोडून सगळ्यांना बानित्सा वाढत होत्या. गरम पापुद्र्यांतून चीज गळत होतं. वेसेलिनला पंजांमुळे खाता येईना. तरी सरदाराने दुसरं कोडं स्वतःहून सोडवलं आणि तिसऱ्या कोड्याला तो चक्क पळाला. नेवेनाने ड्रॅगनकडे पाहून डोळे मिचकावले. टेकाडावर पोचेपर्यंत वेसेलिनचा राग बराच उतरला होता. ठरल्याप्रमाणे त्याने डरकाळी फोडली, कालिनाने जादूची कांडी म्हणून आणलेलं लाटणं फिरवून त्याला दगड करून टाकलं, आणि मग ती नकाशावरच्या फुलीकडे धावली.

तिथे खड्डा होता. उघडा. आत एक बटण आणि हरालांपीची टोपी.

कालिना खड्ड्याच्या काठावर बसली. ती मोठ्याने रडली नाही, नुसती बघत राहिली. मग तिने वळून विचारलं, की बाबा, तुम्ही खजिना पुरायलाच विसरलात का. आजवर हा माणूस शाळेचे कार्यक्रम विसरला होता, एक वाढदिवस विसरला होता, त्यामुळे प्रश्न अगदीच अवास्तव नव्हता, आणि म्हणूनच तो त्याला जिव्हारी लागला. प्लामेनने ढाल खाली टाकली. "सोडा," तो म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

त्या फोनकडे बघून वेसेलिनचं जे डोकं फिरलं ते पुढे दिवसभर फिरलेलंच राहिलं. टोपी उचलून, शेपूट काखेत मारून तो टेकाडावरून उतरला आणि हरालांपीच्या फाटकावर दोन्ही पंजे आपटायला लागला. फाटकाच्या फटीतून दिसत होतं, की म्हातारा परातीत पाणी घेऊन दात घासायच्या ब्रशाने बाटलीची झाकणं धूत बसलाय.

वेसेलिनने पेटी परत मागितली. हरालांपीने निम्मं-निम्मं करू, असा प्रस्ताव ठेवला. वेसेलिनने सांगितलं, की ती बटणं आहेत, झाकणं आहेत, मुलांचा खेळ आहे. हरालांपीला हे ऐकून जराही नवल वाटलं नाही. ज्याला सापडतं तो हेच म्हणतो, असं तो शांतपणे म्हणाला. आणि हा माल वरचा, हेही आपल्याला कळतं. खरा माल लपवायला वर असलाच फुटकळ माल पुरतात, पूर्वीचे राजेही तसंच करायचे. मग त्याने एवढंच विचारलं, की खोटं काही नसेल तर माणूस पडदा गुंडाळून का फिरेल?

वेसेलिन ओरडला. आता गोर्ना क्रुशात रविवारी सकाळी दुसरं काही घडत नाही. एकेका फाटकातून माणसं बाहेर आली, खिशात सूर्यफुलाच्या बिया घेऊनच आली, आणि टरफलं थुंकत सल्ले द्यायला लागली. एकाने सांगितलं, की सोनं घरात ठेवू नका, दुधाच्या बरणीत ठेवा. दुसऱ्याने विचारलं, की स्टोयांकाचा जावई आहे ना हा, शहरातला, मग याला आमच्या टेकाडाची वाट कुणी दाखवली. एका म्हातारीने लांबूनच छातीवर क्रुसाची खूण केली आणि लाल कानांचा, आरडाओरडा करणारा हा प्रकार झ्मेय नसून लाम्या आहे, असं मत दिलं. वेसेलिन प्रत्येकाला वेगळं समजावत होता, आणि जसजसा तो नाही म्हणत होता तसतशी एकेकाची नजर टेकाडाकडे वळत होती. समजावता समजावता त्याच्या लक्षात आलं, की समोर माणसं कमी होतायत. जी जात होती ती घरातून कुदळ घेऊन परस्पर टेकाडावर जात होती.

सरपंच गिन्काबाई घाईने आल्या. वाचनालयाचं छप्पर गळतंय, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. वेसेलिनला आधी संबंध कळेना. मग कळल्यावर तो इतका भडकला, की शेपटातून एक मोजा बाहेर पडला. गावाला काही द्यायची तयारी नाही असं दिसताच गिन्काबाईंना कायदा आठवला आणि त्यांनी पोलिसांना फोन केला.

पोलीस अधिकारी देचेव्ह यायच्या आत टेकाडाची चाळण झाली होती, आणि तो आल्या क्षणी वर गावातला एकही माणूस नव्हता. होती फक्त भोकं, शेळ्या, खड्ड्याच्या काठावर बसलेली कालिना, आणि तिला समजावायला तिथे परत चढलेला वेसेलिन. देचेव्ह सावकाश वर आला. पुरातन जागा खणणं हा गुन्हा आहे, तुरुंगही होऊ शकतो, असं त्याने सांगितलं. बोर्ड आहे ना तसा. बोर्डावर एकही अक्षर नाही, हे वेसेलिनने दाखवलं.

"बोर्ड वाचायला नसतो," देचेव्ह म्हणाला, "असायला असतो. नाव?"

"वेसेलिन."

देचेव्हने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, खरं नाव काय.

मग धंदा काय, इथे काय करत होता, असे प्रश्न झाले. ड्रॅगन होतो, हे उत्तर एका सरकारी माणसासमोर स्वतःच्या तोंडून देताना आपल्याला काय वाटलं, याचं वर्णन वेसेलिन आजवर करू शकलेला नाही. कपडे बदलून येतो म्हणाला, तर सुतळी सुटेना. सासूबाईंनी कात्री आणली, पण हा पुरावा आहे, कापता येणार नाही, असं देचेव्हने सांगितलं. हरालांपीच्या परातीतला ऐवजही जप्त झाला, आणि शेपूट मावत नाही म्हणून पोलिसांच्या गाडीचं मागचं दार थोडं उघडं ठेवून वेसेलिनला शहरात नेण्यात आलं. वाटेत त्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. बाजूच्या गाडीतल्या माणसाने त्याला हात केला. हा माणूस आपण कधीकाळी पाहणी केलेल्या गालिच्याचा मालक होता, असं वेसेलिनचं म्हणणं आहे.

ठाण्यात बाकावर सगळं कुटुंब त्याच्याभोवती बसलं. रानपरी, जादूगारीण, चेटकीण आणि सरदार. आत एक शिपाई पेटीतल्या वस्तू मांडत होता आणि पिवळ्या धातूच्या गोल वस्तू, उपयोग अज्ञात, असं काहीतरी मोठ्याने म्हणत होता. संग्रहालयातल्या बाईंना बोलावलं होतं, पण त्या भाच्याच्या बारशाच्या जेवणाला गेल्या होत्या आणि गोड खाल्ल्याशिवाय निघणार नव्हत्या. वेसेलिनने शिपायाला सांगितलं, देचेव्हला सांगितलं, लादी पुसणाऱ्या बाईला सांगितलं, की हा खेळ आहे. सगळ्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव होता, अतिशय सभ्य आणि अतिशय अविश्वासाचा. तो भाव त्याने कुठेतरी पाहिला होता. लोकांच्या घरच्या आरशात, गालिच्यावरून उठताना. या विचाराने तो आणखीच संतापला.

बसून बसून कंटाळल्यावर कालिनाने लाटणं बाहेर काढलं. ड्रॅगन पकडला गेलाय तर आता त्याने कोडं घालायलाच पाहिजे, असा तिचा नियम होता. वेसेलिन म्हणाला, की ड्रॅगनला तुरुंग लागू शकतो, ड्रॅगनला नोकरी आहे, ड्रॅगनच्या साहेबांना उद्या काय सांगायचं हा ड्रॅगनपुढचा प्रश्न आहे. यावर बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून हसण्याचा आवाज आला. प्लामेन. तोंड दाबून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. वेसेलिनने त्याला झापायला तोंड उघडलं. पण या पोराला शेवटचं असं हसताना आपण कधी पाहिलं, ते त्याला आठवेना, आणि ते आठवत असताना झापायचं राहून गेलं. सासूबाईंनी तेवढ्यात उरलेली बानित्सा शिपायांना वाटून टाकली.

संग्रहालयातल्या बाई आल्या त्या रेशमी पोशाखात, केसांत बारशाच्या कागदी फिती अडकलेल्या. हातमोजे घालून त्यांनी भिंगातून एकेक वस्तू पाहिली. मग त्यांनी भिंग मिटलं आणि देचेव्हकडे वळून म्हणाल्या, की यात काहीही नाही. कचरा आहे, किंमत शून्य.

सुटलो म्हणून वेसेलिनने त्यांचे हात धरायला हवे होते. नेवेनाने तर श्वास सोडलासुद्धा. पण वेसेलिन बाकावरून उठला, टेबलापाशी गेला आणि पंजाने एक झाकण उचलून त्याने बाईंच्या नाकासमोर धरलं.

"कचरा कशाला म्हणता?" तो म्हणाला. आवाज अजून चढला नव्हता, आणि घरच्या माणसांना याचीच जास्त भीती वाटली. "हे खिळ्याने केलंय. माझ्या मुलाने. याला दाढी आहे, दिसते का? हा बघा, याचा दात पडलाय. आठवडाभर बसला होता तो. पंधरा वर्षांचा मुलगा आठवडाभर टेबलाशी बसलेला तुम्ही कधी बघितलाय? मी नुकसानीची किंमत ठरवतो, बाई, मला किंमत शिकवू नका."

प्लामेनचे कान बापासारखेच लाल झाले होते आणि तो जमिनीकडे बघत होता. बाईंनी जराशा ओशाळून भिंग पुन्हा उघडलं, ते झाकण घेतलं, दुसरं घेतलं, दात पडलेल्यापाशी थांबल्या.

"कारागिरी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "कालखंड, गेला आठवडा."

वेसेलिनने मान डोलावली. मूल्यमापन त्याला मान्य होतं.

पण देचेव्हचं काम संपलं नव्हतं. खजिना खोटा असला तरी खड्डा खरा आहे, असं त्याने समजावलं. टेकाडावर भोकं पडलीयत आणि खणणारा म्हणून कागदावर नाव एकाच माणसाचं आहे. बाकी कुणाला खणताना कुणी पाहिलेलं नाही, याची त्याने गावात प्रत्येकाला विचारून खात्री करून घेतली होती. तेव्हा पुढच्या रविवारी बाईंच्या देखरेखीखाली सगळे खड्डे वेसेलिनने बुजवावेत आणि हरळी लावावी, म्हणजे प्रकरण मिटलं. आपण एकच खड्डा खणला, आणि तोही गुडघाभर, हे वेसेलिनने सांगून पाहिलं. देचेव्हच्या चेहऱ्यावर तो सभ्य भाव पुन्हा उमटला.

गावाने संग्रहालयाचा निकाल मानला नाहीच. सगळं बाईंनी लांबवलं, इतकंच सगळ्यांना पटलं. रेशमी कपड्यांत आली होती म्हणे, कशी नाही येणार. पुढच्या रविवारी वेसेलिन फावडं घेऊन टेकाडावर चढला तेव्हा सगळं गाव बिया घेऊन खाली बसलं होतं. माती दाबायची कशी, पाणी आधी मारायचं की नंतर, हे प्रत्येकाने सांगितलं. फावड्याला कुणी हात लावला नाही. हरालांपी मात्र प्रत्येक खड्डा बुजण्याआधी त्यात एकदा वाकून बघून घेत होता. त्याने टोपी परत मागितली. वेसेलिनने ती दुसऱ्या क्रमांकाच्या भोकात आधीच पुरली होती, आणि ते उकरायला आता सरकारी परवानगी लागेल असं त्याने म्हाताऱ्याला अतिशय आनंदाने सांगितलं.

नेवेना हरळीचे तुकडे लावत होती, कालिना डब्याने पाणी घालत होती. प्लामेनला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला, दुसरं फावडं घेऊन, आणि बापाच्या शेजारच्या खड्ड्यात माती ओढायला लागला. ऊन चढलं. वेसेलिनच्या तळहाताला फोड आले होते आणि तो देचेव्हला, सरपंचांना, राजाला, राजाला इथे आणून पुरणाऱ्यांना आणि अद्भुत करमणुकीचा शोध लावणाऱ्या त्या नर्सला पुटपुटत शिव्या देत होता.

"पुढच्या वर्षी पण करायचंय ना?" प्लामेनने मातीकडे बघत विचारलं.

या घरात पुन्हा काहीही पुरलं जाणार नाही, असं वेसेलिन म्हणाला. एक बटणसुद्धा नाही. आपण मेलो तरी आपल्याला पुरायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

"मी जूनमध्ये येणार आहे वार्न्याहून," प्लामेन म्हणाला. "आधी येऊन सगळी तयारी करीन. फक्त पुढच्या वेळी ड्रॅगन मी होणार."

वेसेलिनने फावडं जमिनीत रोवलं आणि मुलाकडे वळून पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. खाली बिया खाणारे थांबले.

"तू?" तो म्हणाला. "पोलिसांच्या गाडीत कोण बसलं होतं? सुतळीने कुणाला शिवलं होतं? आठवडाभर झाकणं ठोकली म्हणून लगेच ड्रॅगन? ड्रॅगन मी आहे. तू सरदार आहेस, आणि ढाल नीट धरायला शीक."

"बघू," प्लामेन म्हणाला आणि पुढच्या खड्ड्याकडे गेला.

वेसेलिन त्याच्यामागून गेला, कारण हा विषय असा अर्धवट सोडण्यासारखा मुळीच नव्हता.